दानाच्या पिशवीतला रुपया कुणाचा? मेथडिस्ट मंडळीचा हिशेब, साध्या भाषेत

रविवारची उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत एक छोटासा कार्यक्रम असतो. दानाच्या मखमली पिशव्या टेबलावर उलट्या होतात. चार-चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, मुलांची नाणी, एखादी पाचशेची, दशांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाची, दोन-तीन पाकिटं. कुणी नोटा सरळ करतं, कुणी नाण्यांच्या ढिगाऱ्या लावतं, आणि कुणीतरी हमखास विचारतं, "चहा सांगितला का?" बडोद्यात अशा टेबलाशी बसून मी बरीच वर्षं नोटा मोजल्या आहेत. पेशानं हिशेबनीस, घरात मराठी, मंडळीत गुजराती आणि फॉर्म भरताना इंग्रजी, असा आमचा त्रिवेणी संगम.

गेल्या काही काळात या टेबलावर नोटांपेक्षा प्रश्नच जास्त पडायला लागलेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, "आता पाळकांच्या पगारावर टॅक्स!" मग आयकर कायदा २०२५ मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याची सुरुवातीची तारीख ठरली आणि नवा मेसेज आला, "चर्चच्या दानावर टॅक्स!" दोन्ही मेसेज अर्धवट. अर्धवट बातमीनं घाबरलेली माणसं पुढे पूर्ण चुका करतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी तीन शब्द. 'मेथडिस्ट' हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, 'मंडळी' म्हणजे एका चर्चचे सभासद, आणि 'पाळक' म्हणजे त्यांचा धर्मगुरू, पास्टर. बाकीचे शब्द येतील तसे सांगेन.

आजीचे डबे

जुन्या घरात आजीकडे पैशांचे डबे असायचे. एक दुधाचा, एक किराणाचा, एक नातवाच्या फीचा. महिनाअखेरीला किराणाचा डबा रिकामा झाला तरी आजी फीच्या डब्याला हात लावायची नाही. लावलाच तर परत टाकेपर्यंत तिला झोप नसायची. पैसे सगळे तिच्याच कपाटात होते, पण प्रत्येक डब्यातल्या पैशाला नाव होतं.

मंडळीच्या पैशालाही नावं असतात. पहिला पैसा पाळकाचा स्वतःचा, म्हणजे त्याचा पगार. दुसरा मंडळीचा सर्वसाधारण पैसा, त्यातून विजेचं बिल, झाडलोट, पगार आणि वरच्या पातळीवर पाठवायचा वाटा जातो. तिसरा बांधलेला पैसा, जो कुणीतरी "छपरासाठी" किंवा "विधवांसाठी" असं सांगून दिलेला असतो. हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. महिन्याचा मेंटेनन्स वेगळा आणि सिंकिंग फंड वेगळा. सिंकिंग फंडातून गणपतीचा मांडव घातला तर पुढच्या सभेत काय होतं, ते सांगायला नको.

मी पाहिलेल्या भानगडींपैकी चोरीच्या अगदी थोड्या. बहुतेक वेळा डबे एकत्र झालेले असतात. डिसेंबरमध्ये छपराच्या निधीतून नाताळचा खर्च झाला, "जानेवारीत परत टाकू" म्हणाले, जानेवारीत पाळकांची बदली झाली आणि आता तो निधी किती होता हे कुणालाच आठवत नाही. कुणाच्या खिशात दमडी गेलेली नसते. तरी पाच वर्षं गावभर कुजबूज चालते.

पाळक बदलतो, मंडळी राहते, जमीन तिसऱ्याच्याच नावावर

मेथडिस्ट घडण समजली नाही तर इथला हिशेबही समजत नाही. अमेरिकी मिशनरी विल्यम बटलर १८५६ मध्ये भारतात आले आणि उत्तर प्रदेशात बरेलीला काम सुरू झालं. पुढे गुजरातेत, चरोतरात (आणंद-खेडा भागात) आणि बडोद्याच्या आसपास मंडळ्या उभ्या राहिल्या. 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' ही स्वायत्त संस्था झाली ती ७ जानेवारी १९८१ रोजी.

या चर्चमध्ये पाळक मंडळीनं नेमलेला नसतो. नेमणूक बिशप करतात आणि ठरावीक काळानं बदली होते, सरकारी खात्यासारखी. मंडळीच्या वर चर्चचा जिल्हा, तिथले डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. त्यांच्या वर प्रादेशिक कॉन्फरन्स, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची एकत्र संस्था. आणि ज्या जमिनीवर चर्च उभं आहे ती सहसा स्थानिक मंडळीच्या नावे नसते, वरच्या संस्थेच्या विश्वस्तांच्या ताब्यात असते. मेथडिस्टांची ही पद्धत चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या काळापासूनची. इंग्लंडमध्ये १७६३ मध्ये त्यानं नमुन्याचं विश्वस्तपत्र करून घेतलं, म्हणजे एखाद्या गावच्या प्रार्थनाघराचे विश्वस्त उद्या रुसले तरी इमारत कुणाच्या खासगी मर्जीवर जाणार नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पाळक पाहुणा आहे, तीन-चार वर्षांनी जाणार. खजिनदार स्थानिक आहे, त्याची तिसरी पिढी इथल्याच मातीत पुरली जाणार. मालक मात्र दोघंही नाहीत. म्हणून बँक खातं कुठल्याही माणसाच्या नावावर असता कामा नये, आणि त्याला कुठल्याही माणसाचा पॅन जोडलेला असता कामा नये.

हे सांगतो कारण एका पाळकांची फाइल माझ्याकडे आली होती. आधीच्या कुणीतरी सोय म्हणून मंडळीचं बचत खातं त्यांच्या वैयक्तिक पॅनवर उघडलं होतं. वर्षभरात बचत खात्यात १० लाख रुपये किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. चर्चचं बांधकाम चालू होतं, दानं रोखीत येत होती, आकडा ओलांडला. त्या बिचाऱ्यांचा पगार महिन्याला वीस-बावीस हजार, आणि नोटिशीत विचारलेलं, "एवढी रोकड कुठून आणली?" दानपुस्तकं, मोजणीचे कागद, कमिटीचे ठराव असं सगळं जोडून उत्तर देता देता आठ महिने गेले.

तेव्हा पहिलं काम एकच. आपल्या मंडळीचं खातं कुठल्या पॅनवर आहे आणि संस्थेची नोंदणी नेमकी कुणाच्या नावे आहे, हे वर जिल्ह्यापर्यंत जाऊन विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका.

टेबलावरची रीत

आता त्या मागच्या खोलीत परत येऊ. दान मोजायला किमान दोन माणसं हवीत, आणि ती एका घरची नकोत. नवरा-बायको म्हणजे हिशेबात एकच माणूस. मोजणीच्या कागदावर पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती ते लिहून दोघांनी सही करायची. पाळकांनी मोजायला बसू नये, शक्यतो खोलीतही थांबू नये. लोकांना भेटायला दारात उभं राहावं, ते काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.

मोजलेली सगळी रक्कम, म्हणजे अगदी सगळी, सोमवारी बँकेत. इथे हमखास घसरायला होतं. "झाडूवाल्या बाईचे हजार रुपये यातूनच देऊन टाकू, उगाच बँकेत भरून परत कशाला काढायचे?" ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्या दिवशी मोजणीचा कागद म्हणतो ८,४५० आणि बँकेची स्लिप म्हणते ७,४५०. सहा महिन्यांनी तो हजाराचा फरक कुणालाही समजावता येत नाही, झाडूवाल्या बाईलासुद्धा. किरकोळ खर्चासाठी खजिनदाराकडे ठरावीक रक्कम ठेवावी, समजा ५,००० रुपये. पावत्या जमल्या की तेवढ्याच रकमेचा चेक काढून डबा पुन्हा ५,००० चा करायचा. डब्यातली रोकड अधिक पावत्या, बेरीज कायम ५,०००. एवढं साधं आहे.

क्यूआर कोडचं नवं प्रकरण. भिंतीवरचा कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या मोबाइलचा कोड चिकटवलेला मी पाहिलाय. हेतू शुद्ध होता, बँकेनं कोड द्यायला वेळ लावला म्हणून तात्पुरता. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकतात, ते बडोद्यातल्या रस्त्यांवर दिसतंच.

आणि कापणीचा सण. हा माझा आवडता दिवस. लोक भोपळे, तूर, कोंबड्या, केळीचे घड घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा चढाओढीत बाराशेला जातो, पुन्हा दान होतो आणि पुन्हा विकला जातो. हशा, टाळ्या. हिशेबाची गंमत नंतर सुरू होते, कारण अर्धे लोक "पुढच्या रविवारी देतो" म्हणून भोपळा घेऊन घरी जातात. लिलावात बोललेला आकडा ही वहीत जमा नाही. हातात आले ते पैसे जमा. बाकी यादी वेगळ्या कागदावर ठेवायची आणि वर्षअखेरीला न आलेले आकडे प्रेमानं सोडून द्यायचे. भोपळ्याच्या उधारीवरून कुणाला उपासनेतून तोडू नये.

"म्हणजे पाळकसाहेबांवर विश्वास नाही का?"

दोन सह्या म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारे सहसा मंडळीतले सगळ्यात भले लोक असतात. त्यांना माझं उत्तर असं, की दोन सह्या पाळकाच्या रक्षणासाठी आहेत. एकट्यानं पैसे हाताळणाऱ्या माणसाकडे आरोप झाला तर दाखवायला काही नसतं. दोघांनी मोजलं असेल तर साक्षीदार आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी दानं गोळा केली तेव्हा तो ती एकटा घेऊन गेला नाही. आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला आणि कारणही लिहून ठेवलं, आपल्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. उलट उदाहरणही शुभवर्तमानातच सापडतं. शिष्यांची पैशाची थैली एकट्याकडे होती. कुणाकडे? पुढे येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे.

आपल्यात म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. मंडळीच्या हिशेबात जेवढं नुकसान भिडेनं केलंय तेवढं लबाडीनं केलेलं नाही.

याच्याच जोडीला दुसरी तक्रार येते, पैशाचं काम आत्मिक नाही. मेथडिस्ट माणसानं तरी हे म्हणू नये. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलमध्ये बैठक होती ती प्रार्थनाघराच्या कर्जावर. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थानं सुचवलं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, अनेकांना तेवढंही परवडत नाही. त्यावर तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. मग पेनी गोळा करायला लोक दर आठवड्याला घरोघर जाऊ लागले, आणि कोण आजारी आहे, कुणाचा नवरा दारू पितोय, हेही कळू लागलं. त्यातूनच मेथडिस्टांची 'क्लास', म्हणजे सभासदांच्या छोट्या गटांची, पद्धत आली, जिच्या जोरावर ही चळवळ वाढली. म्हणजे पाळकीय भेटींची ही परंपरा वसुलीच्या वहीतून निघाली!

पाळकाच्या पगारावर टॅक्स: निकालात नक्की काय होतं?

सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२४ चा निकाल कॅथलिक नन्स आणि फादर यांच्याबद्दल होता. सरकारी अनुदानित शाळांमध्ये ते शिकवतात, पगार सरकार देतं. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलंय, पगार आमच्याकडे राहत नाही, धर्मसंस्थेकडे जातो, मग उद्गम कर, म्हणजे पगार देतानाच कापला जाणारा टॅक्स, का कापता? न्यायालयानं ते मान्य केलं नाही. पगार व्यक्तीला मिळाला, पुढे तिनं त्याचं काय केलं हा वेगळा विषय.

मेथडिस्ट पाळकांना या निकालानं काहीही नवं लागू झालं नाही. ते व्रतस्थ नाहीत, संसारी आहेत आणि त्यांचा पगार आधीपासूनच करपात्र होता. घाबरवणारा मेसेज एक गोष्ट सांगत नाही. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून हा आकडा १२,७५,००० पर्यंत जातो. बडोद्यात मंडळीकडून एवढा पगार घेणारे पाळक असतील तर मला भेटायला आवडेल.

तरी कागद हवाच. पगार बँकेतून द्यावा, वर्षाच्या शेवटी पगाराचा दाखला द्यावा. यात दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली घराची. चर्चच्या मालकीच्या बंगल्यात फुकट राहणं ही कायद्याच्या नजरेत पगाराचाच भाग असलेली सवलत आहे. २०२३ पासूनच्या नियमात शहराच्या लोकसंख्येवर तिचं मोल ठरतं. १५ ते ४० लाखांच्या शहरात, म्हणजे बडोद्यात, पगाराच्या साडेसात टक्के. वर्षाला ३ लाख पगार असेल तर २२,५०० रुपये कागदावर वाढतात. कर तरीही शून्यच, पण पाळकाला उद्या मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढायचं असेल तर नीट पगारपत्रक हीच त्याची पत.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. दरमहा २,००० रुपये "पेट्रोलसाठी" असे ठोक दिले आणि हिशेब मागितला नाही, तर तो भत्ता, पगारात मोजला जाणार. तेच पाळकांनी कुठे, कुणाला भेटायला, किती किलोमीटर असं लिहून बिलासह मागितलं, तर ती खर्चाची भरपाई झाली. तिला पगार म्हणत नाहीत. पैसे तेवढेच, फरक एका छोट्या वहीचा.

पाकिटं

नाताळला घरोघर पाळकांच्या हातात पाकिटं दिली जातात. लग्न लावलं की पाकीट, घरप्रवेशाची प्रार्थना केली की पाकीट. हे दान का भेट का कमाई?

नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, हा सर्वांना लागू असलेला नियम. पाळकाच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. लग्न लावल्याबद्दल मिळालेलं पाकीट ही भेट नाही, कामाचा मोबदला आहे, त्याला ५०,००० ची सूट लागू नाही. धर्मप्रचाराच्या कामाबद्दल परदेशी संस्थेकडून आलेल्या देणग्यांना सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच व्यवसायातून झालेलं उत्पन्न ठरवलं होतं. शेजारच्या काकूंनी पाळकांच्या मुलीला वाढदिवसाला पाचशे दिले, ती मात्र भेटच.

माझा सल्ला साधा. पाकिटावर "मंडळीसाठी" की "पाळकांसाठी" हे देणाऱ्यानंच लिहावं. लिहिलं नसेल तर ते मंडळीचं. पाळकांना हे जड जातं, मला कळतं. पण संशयाचा फायदा पिशवीला द्यावा.

गुपित आणि पावती

हा भाग अवघड आहे आणि त्याला स्वच्छ उत्तर नाही. एखादी बाई रात्री पाळकांकडे येते. नवऱ्यानं मारलंय, मुलाला दवाखान्यात न्यायचंय, ४,००० रुपये हवेत. तिचं नाव कमिटीत वाचायचं? सोमवारी सगळ्या फतेगंज वस्तीला कळेल.

नाव लपवता येतं, खर्च लपवता येत नाही. कमिटीनं मदतनिधीची वर्षाची मर्यादा आधीच ठरवावी. पाळक आणि कमिटीनं निवडलेली एक व्यक्ती, दोघांनाच नाव माहीत असावं. वहीत "मदत क्रमांक ७" एवढंच, आणि नावांचा कागद बंद पाकिटात. शक्य तिथे पैसे त्या बाईच्या हातात न देता थेट दवाखान्याला, औषधाच्या दुकानाला, शाळेला भरावेत. तिथली पावती मिळते, आणि तो पैसा घरी जाऊन नवऱ्याच्या हाती पडत नाही. ऑडिटरनं विचारलं तर बंद पाकीट त्याला दाखवायचं, कमिटीला नाही.

मंडळीच्या दानावर टॅक्स?

नोंदणी असलेल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला आयकरातून सूट आहे, पण सूट म्हणजे मोकळीक नाही. अटीवर दिलेली सूट आहे. मुख्य अट अशी, की वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशासाठी खर्च व्हावेत. १० लाख आले तर साडेआठ लाख खर्च, दीड लाख विनाप्रश्न शिल्लक. छप्पर बदलायला तीन वर्षं पैसे साठवायचे असतील तर तसा फॉर्म मुदतीत भरून, कारण लिहून, पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. तो फॉर्म भरायचा राहिला की सूटही गेली. दात्यानं लेखी सांगून दिलेला कायम निधी या गणितातून वेगळा काढता येतो, म्हणून छपरासाठी दान देणाऱ्याकडून "हे कायम निधीसाठी" अशी एक ओळ लिहून घ्या. पावतीवर आपण लिहिलेलं चालत नाही, दात्याची इच्छा दात्याच्या शब्दांत हवी.

मांडववाल्याला रोखीत ३०,००० दिले? एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च या ८५ टक्क्यांत धरत नाहीत. एका दात्याकडून दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. आणि पिशवीतल्या निनावी दानाचं काय? निव्वळ धार्मिक संस्थेच्या निनावी दानावर कर नाही. शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या संस्थांचे नियम वेगळे आहेत, तिथल्या दानपेटीवर शाळेचं नाव लिहिण्याआधी सीएला विचारा.

नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, फॉर्म बदलले, 'कर निर्धारण वर्ष' जाऊन साधं 'कर वर्ष' आलं. ही मूळ चौकट मात्र तीच आहे. नोंदणीला मुदत असते हे लक्षात ठेवा. सहसा पाच वर्षं, छोट्या संस्थांना दहापर्यंत. नूतनीकरणाची तारीख पाळकांच्या डायरीत नको, ते बदलून जातील. कमिटीच्या खोलीतल्या कॅलेंडरवर लिहा.

"मग दानावर ८०जीची पावती का देत नाही?"

दर मार्चमध्ये एक नोकरदार सभासद हा प्रश्न घेऊन येतो. ८०जी म्हणजे दात्याला करात मिळणारी वजावट. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ती देता येत नाही, मग ते देऊळ असो, मशीद असो वा चर्च. अपवाद केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा राज्यभर प्रसिद्ध प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा. शिवाय नव्या करपद्धतीत ८०जीची वजावट मिळतच नाही, त्यामुळे वाद जवळजवळ संपला आहे. तरी कुणी जुन्या छापील पुस्तकातून पावती फाडून देत असेल तर त्याचा हात धरा.

अमेरिकेतला भाचा

डिसेंबरमध्ये बडोद्यात आणि चरोतरात विमानांनी नाताळ येतो. न्यू जर्सीचा भाचा, टोरांटोची मावशी, सगळ्यांना आपल्या लहानपणीच्या चर्चसाठी काहीतरी करायचं असतं. इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे, आणि प्रेमानं भरलेला असल्यामुळे दिसत नाही.

परदेशी पैशासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायदा, २०१० लागतो. त्याखालची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेनं एक डॉलरही घेणं गुन्हा आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असली तरी पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आधी ही मर्यादा ५० होती. म्हणजे "कॉन्फरन्सकडे नोंदणी आहे ना, त्यांच्याकडून फिरवून घेऊ" हा जुना रस्ता बंद झालाय.

आता भाच्याचं काय? प्रश्न तो कुठे राहतो हा नाही, पासपोर्ट कुठला आहे हा आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडा. अमेरिकी नागरिक झाला असेल, हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो कायद्यानं परदेशी स्रोत आहे. त्यानं सयाजीबागेसमोरच्या एटीएममधून रुपये काढून पिशवीत टाकले तरी ते विदेशीच. दोन सख्खे भाऊ, एकाच बाकावर बसलेले, एकाचे दहा हजार चालतात आणि दुसऱ्याचे नाही. मला हे बरोबर वाटतं असं नाही, पण नियम असा आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घोषणांमध्ये दोन वाक्यांत गोडीनं सांगून टाकावं, म्हणजे कुणाच्या तोंडावर पाकीट परत करायची वेळ येत नाही.

जमीन आणि हॉल

गुजरातमध्ये सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा बिगरशेतीची तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं द्यायला, चॅरिटी कमिशनरची आधी परवानगी लागते. कमिटीचा एकमतानं झालेला ठराव तिथे पुरत नाही. मोबाइल टॉवरवाला दहा वर्षांचा करार घेऊन आला तर चहा पाजा आणि करार वर पाठवा. हॉल लग्नाला देत असाल तर जीएसटीतली सूट दिवसाला १०,००० रुपयांच्या आतल्या भाड्यापुरती आहे, हेही ध्यानात ठेवा.

"आमची चाळीस घरांची मंडळी, एवढं कोण करणार?"

रास्त प्रश्न. चाळीस घरांना सीए ठेवणं परवडत नाही आणि ठेवूही नये. विवरणपत्र, ऑडिट, नोंदणी हे बहुतेक वरच्या पातळीवरून होतं. मंडळीनं आपला कागद वेळेवर वर द्यायचा असतो. त्यासाठी लागतं काय? मोजणीचे कागद, एक रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावतीपुस्तक, खर्चाच्या बिलांची फाइल आणि महिन्यातून एकदा बँकेच्या पासबुकाशी ताळा. दहावी झालेली, नीट अक्षर असलेली कुठलीही मुलगी हे करू शकते. आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई करतात, आणि त्यांची वही माझ्या वहीपेक्षा चांगली आहे.

एकच दिवस मात्र चुकवू नका, बदलीचा. नवे पाळक सामान उतरवत असतानाच चार माणसांनी बसायचं: जाणारे, येणारे, खजिनदार आणि जिल्ह्याचा एक प्रतिनिधी. त्या दिवशीची बँकेतली शिल्लक, हातातली रोकड, प्रत्येक डब्यातला बांधलेला पैसा, न फेडलेली बिलं, चेकबुकातला शेवटचा आकडा, कपाटाच्या किल्ल्या आणि पासवर्ड. एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या, चार प्रती. जुन्या पाळकांची सही बँकेतून त्याच आठवड्यात काढायची. एका ठिकाणी ती काढायची राहिली आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक चेक बसनं गोध्र्याला सहीसाठी जात होता.